पियानोच्या उन्हाळी शाळेत व्याख्यानांना कात्री नको

बेथोव्हेनच्या ज्या सोनाटाला जग 'मूनलाइट' म्हणून ओळखतं (हे नाव त्याने दिलेलं नव्हे, त्याच्या मृत्यूनंतर चिकटलेलं), त्याच्या पहिल्या भागाच्या माथ्यावर त्याने स्वतः एक सूचना लिहून ठेवली आहे. हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि डँपरशिवाय वाजवायचा. डँपर म्हणजे तारेवर टेकून तिचा नाद बंद करणाऱ्या मऊ गाद्या. उजवं पेडल दाबलं की त्या सगळ्या एकदम उचलल्या जातात. तेव्हा सूचनेचा सरळ अर्थ निघतो तो असा, की सुरुवातीलाच पेडल दाबायचं आणि भाग संपेपर्यंत सोडायचं नाही. आजच्या मोठ्या ग्रँड पियानोवर हे करून पाहिलं तर थोड्याच वेळात स्वर एकमेकांत मिसळून नुसता गढूळ नाद उरतो.

१८०१ मध्ये हा सोनाटा लिहिला गेला, तेव्हा व्हिएन्नातल्या पियानोंच्या चौकटी लाकडी होत्या, तारा बारीक होत्या आणि हातोड्या लहानशा, कातड्याने मढवलेल्या. स्वर उमटायचा आणि लगेच विरायला लागायचा. डँपर उचलून ठेवले तरी मागचा स्वर पुढच्याला बुडवत नसे, थोडासा मागे रेंगाळत राही. बेथोव्हेनला तो रेंगाळणारा नादच हवा होता. पुढे चाळीसेक वर्षांनी त्याचाच शिष्य कार्ल चेर्नी याने सांगितलं, की खालचा प्रत्येक स्वर आला की पेडल नव्याने घ्यावं. शिष्याने गुरूचा शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. मधल्या काळात पियानोच बदलला होता.

मग या जागी वादकाने पाय कसा वापरायचा, हा प्रश्न तंत्राचा की इतिहासाचा? बहुतेक विद्यार्थ्यांना वर्गात याचं तयार उत्तर मिळतं: "इथे पेडल बदल, इथे बदल, इथे अर्धंच सोड." उत्तर चुकीचं नसतं. पण ते कुठून आलं हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दुसऱ्या पियानोपुढे, दुसऱ्या दालनात, दुसऱ्या रचनेपाशी पुन्हा अडतो. पियानोचं तंत्र आणि पियानोचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं माझं ठाम मत आहे. त्या एकत्र शिकवता येतील अशा फार थोड्या जागा उरल्या आहेत आणि त्यांत सगळ्यांत चांगली जागा म्हणजे उन्हाळी शाळेतलं व्याख्यान. म्हणूनच पैसे कमी पडतात किंवा आठवडा अपुरा वाटतो, तेव्हा आयोजकांची कात्री सर्वांत आधी व्याख्यानांकडे वळते हे मला घातक वाटतं. वैयक्तिक धडे ठेवा, मास्टरक्लास (पाहुण्या कलाकाराने सर्वांसमोर एकेका विद्यार्थ्याला शिकवणं) ठेवा, संध्याकाळची मैफल ठेवा, बोलणं कमी करा, हा विचार वरवर व्यवहारी दिसतो. तो व्यवहारीही नाही.

उन्हाळी शाळा ही कल्पना युरोपात का रुजली, ते आधी पाहू. शाळा-महाविद्यालयं सुट्टीत ओस पडतात, वसतिगृहं रिकामी असतात, शिक्षक मोकळे असतात. एरवी वर्षभर एका गुरूकडे एका खोलीत शिकणारी माणसं आठ-पंधरा दिवस एका आवारात राहतात, एकत्र जेवतात, दुसऱ्याचं ऐकतात. इंग्लंडमध्ये १९४८ साली डॉर्सेटमधल्या ब्रायनस्टन या शाळेच्या आवारात विल्यम ग्लॉक यांनी अशी एक संगीतशाळा सुरू केली. सूचना होती थोर पियानोवादक आर्थर श्नाबेल यांची. ग्लॉक तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये श्नाबेलकडे शिकले होते. १९५३ मध्ये ही शाळा डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉलमध्ये गेली आणि तिथेच नावारूपाला आली. तिची मोठी गंमत अशी, की तिथे व्यावसायिक कलाकार आणि हौशी माणसं एकाच आवारात असत. सकाळी समूहगायनात उभा राहिलेला एखादा डॉक्टर दुपारी व्याख्यानाला बसे आणि रात्री मैफल ऐके. १९५७ मध्ये संगीतकार स्त्राविन्स्की तिथे येऊन गेले.

ग्लॉक पुढे बीबीसीच्या संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि ब्रिटनच्या रेडिओवर काय ऐकलं जाईल यावर त्यांनी दीर्घकाळ छाप पाडली. ज्या माणसाने उन्हाळी शाळा उभारली त्याच्याच हाती नंतर एका देशाच्या श्रोत्यांचे कान आले, हा मला योगायोग वाटत नाही. ऐकणारा घडवावा लागतो ही समज दोन्ही कामांच्या मुळाशी आहे.

श्नाबेल यांच्याविषयी थोडं अधिक सांगायला हवं. बेथोव्हेनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटा ध्वनिमुद्रित करणारे ते पहिले वादक. हे काम त्यांनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये केलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढची काही वर्षं इटलीत कोमो सरोवराकाठी त्रेमेझ्झो इथे उन्हाळ्यात ते शिकवत. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी, की एक विद्यार्थी वाजवतो आणि बाकीचे सगळे बसून ऐकतात. पुढे १९४५ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांनी बारा व्याख्यानं दिली आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं दिली. इतक्या उंचीच्या वादकाला बोलायची गरज का वाटली असेल? वादनात जे सांगता येत नाही असं काही उरतं म्हणून. कुठली स्वरलिपी विश्वासार्ह मानायची, संपादकांनी मागाहून घातलेली चिन्हं कशी ओळखायची, संगीतकाराने लिहिलेलं बोटांकन (कुठल्या स्वराला कुठलं बोट) अवघड असूनही का पाळायचं, हे वाजवून दाखवता येतं, पण त्यामागचं कारण शब्दांतच सांगावं लागतं.

त्याआधीचं उदाहरण याहून भव्य आहे. अंतोन रुबिनश्टाइन या रशियन वादकाने १८८५-८६ मध्ये युरोपातल्या अनेक शहरांत सात-सात मैफलींची मालिका केली. सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकारांपासून सुरुवात करून स्वतःच्या काळातल्या रशियन संगीतकारांपर्यंत, वाद्यसंगीताचा सारा प्रवास. एका संध्याकाळी तर फक्त बेथोव्हेनचे आठ सोनाटा. हाच कार्यक्रम तो विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य पुन्हा वाजवत असे. एवढं करूनही त्याला अपुरं वाटलं. म्हणून १८८८-८९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ज्या संगीतशाळेची स्थापना त्याने स्वतः केली होती, तिथे त्याने पियानोसाहित्याच्या इतिहासावर वर्षभर व्याख्यानं दिली आणि त्यांत शेकडो रचना स्वतः वाजवल्या. आपल्याकडे ज्याला सप्रयोग व्याख्यान म्हणतात त्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या शेजारी मास्टरक्लास ठेवून पाहा. त्याचा उगम बहुधा पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्टपाशी नेला जातो. १८६९ पासून १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दर उन्हाळ्यात वायमारमध्ये शिष्यांना एकत्र बोलावून शिकवी आणि त्याचा एक पैसाही घेत नसे. बोटांची तयारी घरी करून या, इथे संगीत बोलू, असा त्याचा दंडक होता. लिस्टची गोष्ट निराळी. त्याने स्वतः चेर्नीकडे धडे घेतले होते, शोपँला जवळून पाहिलं होतं, वाद्य डोळ्यांदेखत बदलत गेलेलं पाहिलं होतं. इतिहास त्याच्या खोलीत हजरच होता, वेगळा शिकवायची गरज नव्हती. आजच्या मास्टरक्लासमध्ये तसं नसतं. वीस मिनिटांत एका विद्यार्थ्याच्या एका रचनेतल्या चार जागा सुधारल्या जातात. श्रोत्यांतले बाकीचे विद्यार्थी त्या चार जागा वहीत टिपून घेतात. पाहुण्या कलाकाराचा दरारा, विद्यार्थ्याची घालमेल, शेवटी टाळ्या; यात नाट्य भरपूर आहे आणि कधी कधी विलक्षण काही घडतंही. पण सुधारणा का केली हे विचारायला तिथे वेळ नसतो, आणि धीरही होत नाही.

तंत्र इतिहासापासून तोडलं की काय होतं, हे पियानोच्या इतिहासातच ठळक लिहिलेलं आहे. १८१४ मध्ये योहान बेर्नहार्ड लोजिए याने हात आणि बोटं ठरावीक जागी अडकवून ठेवणाऱ्या एका साधनाचं पेटंट घेतलं. दोन आडव्या दांड्यांमध्ये मनगट, बोटांसाठी खाचा. त्या काळी हे साधन खूप खपलं आणि नामवंत शिक्षकांनी ते उचलून धरलं. मनगट आणि दंड स्थिर ठेवून केवळ बोटांनी वाजवणं हे हलक्या पट्ट्यांच्या जुन्या पियानोवर काही अंशी चालून जात असे. पण वाद्य जड होत गेलं, पट्ट्या खोल झाल्या, आणि शिकवणी मात्र तीच राहिली. रोबेर्ट शुमान या तरुणाने १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला उजव्या हाताच्या बोटाची ताकद वाढवायला एक यांत्रिक साधन वापरलं. त्याचा हात कायमचा अधू झाला. नेमकं कारण काय यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, तरी बोटांना एकेकटं सोडवून त्यांना सारखं बळ द्यायचं या हट्टाचं ते वातावरण होतं, यात शंका नाही. संगीताला त्यातून एक थोर संगीतकार मिळाला हे खरं, पण त्या समाधानात त्या हाताचं दुःख विसरू नये.

त्याच काळात पॅरिसमध्ये शोपँ याच्या अगदी उलट शिकवत होता. नवशिक्याला तो 'सी मेजर'ची सगळी पांढरी सप्तकं देत नसे. 'बी मेजर'पासून सुरुवात करायला लावी, कारण तिथे लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर आपसूक विसावतात. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तर तिचा उपयोग करावा, सगळ्यांना एकसारखं करायच्या मागे लागू नये, असं त्याचं म्हणणं. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त रियाज करू नका असं तो बजावत असे, हे त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्याने पद्धतीवर लिहायला घेतलेलं टिपण अपुरंच राहिलं. आणि हे सगळं तो प्लेएल कंपनीच्या ज्या पियानोवर शिकवत होता, त्याची पट्टी हलकी होती, नाद मृदू होता. त्या वाद्याशिवाय ही शिकवण पुरती समजत नाही.

आज जगभरातल्या कुठल्याही शिकवणीत जाऊन पाहा, मुलाच्या हातात पहिली 'सी मेजर'च येते. वाचायला सोपी म्हणून. हाताला ती सोपी आहे का, हा प्रश्न एका माणसाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता, हे त्या शिक्षकाला कुणी सांगितलेलंच नसतं. इतिहासाचा एक तास इथे थेट मनगटाला लागू पडतो.

पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये टोबायस मॅथे, जर्मनीत रुडोल्फ ब्राइटहाउप्ट अशा शिक्षकांनी बोटांऐवजी दंडाचं वजन आणि स्नायूंचा सैलपणा यांवर भर दिला. स्पर्श कसा केला तर स्वर 'गातो' यावर खंडच्या खंड लिहिले गेले. मग १९२०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये ऑटो ओर्टमान याने हे सगळं उपकरणांनी मोजायला घेतलं. त्याला आढळलं ते साधं होतं: हातोडी तारेवर आदळण्याआधीच पट्टीपासून सुटलेली असते, तेव्हा एकट्या स्वराच्या बाबतीत वादकाच्या हाती असतो फक्त हातोडीचा वेग. बोट पट्टीवर आपटल्याचा किंवा पट्टी तळाला लागल्याचा बारीकसा आवाज सोडला, तर प्रेमाने दाबलेला आणि छत्रीच्या टोकाने दाबलेला स्वर, वेग तोच असेल तर, एकच. पट्टी दाबून झाल्यावर मनगट गोल फिरवल्याने त्या स्वराला काहीही होत नाही.

मग पियानो गातो तो कसा? स्वरांच्या नात्यांतून. मागच्यापेक्षा पुढचा किती हलका, दोघांत किती अंतर, कुठला स्वर किती वेळ दाबून ठेवला, पेडल कुठे घेतलं. आणि दंड सैल ठेवायचा तो स्वराला जादू चढावी म्हणून नव्हे, तर वेगावर हुकमत राहावी आणि हात शाबूत राहावा म्हणून. हे ऐकून काही वादक नाराज होतात. माझ्या मते याइतकी मोकळं करणारी गोष्ट नाही. आणि ही गोष्ट व्याख्यानातच नीट कळते: पियानोची पुढची फळी काढलेली, पट्टी-हातोडीची यंत्रणा बाहेर ओढून टेबलावर ठेवलेली, आणि कुणीतरी एक पट्टी हळू दाबून दाखवतंय की हातोडी तारेच्या अगदी जवळ येऊन कशी सुटते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास जी युक्ती शोधली ती हीच. मोत्सार्टने १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना पत्र लिहून श्टाइन या कारागिराच्या पियानोची तोंड भरून स्तुती केली ती याच सुटकेसाठी. आणि १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार याने तिच्यात सुधारणा करून पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी सोय केली, म्हणून लिस्टच्या रचनांतले एकाच स्वराचे भरधाव पुनरुच्चार शक्य झाले. वर्षानुवर्षं पियानो वाजवणाऱ्या कित्येकांनी आपल्या वाद्याचं पोट उघडून पाहिलेलं नसतं. आपल्याकडचा तबलजी शाईचा लेप आणि वादीचा ताण ओळखतो, तंबोऱ्याची जवारी गायकाला कळते. पियानोवादक मात्र आपलं वाद्य ट्यूनरच्या स्वाधीन करून बाजूला उभा राहतो.

हातांच्या दुखण्याची गोष्ट निघाली आहे तर लिओन फ्लायशरचं नाव घ्यायलाच हवं. १९३८ मध्ये नऊ-दहा वर्षांचा हा अमेरिकन मुलगा त्रेमेझ्झोला श्नाबेलकडे शिकायला गेला. तिशीत तो आपल्या पिढीतल्या अव्वल वादकांपैकी एक होता. १९६४ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळू लागली आणि पुढची तीन दशकं त्याची दोन्ही हातांची कारकीर्द थांबली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्याला एकच एक कारण नसतं, पण तीच हालचाल अतोनात घोटणं हा त्यातला एक धोका मानला जातो. श्नाबेलसारखा गुरू लाभूनही हे घडलं, तेव्हा व्याख्यान ऐकलं की हात वाचतो असा भाबडा दावा मी करणार नाही. पण हाताबद्दल मोकळेपणाने बोलायला, इतर वादकांच्या दुखण्यांचा इतिहास ऐकायला, वैद्याला प्रश्न विचारायला एक जागा हवी. धड्याच्या खोलीत विद्यार्थी दुखणं लपवतो, कारण कार्यक्रम जवळ आलेला असतो. दोनशे जणांच्या दालनात तोच विषय सर्वांचा होतो आणि लाज सरते.

व्याख्यानांवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की बहुतेक व्याख्यानं कंटाळवाणी असतात. असतात खरी. संगीतकाराचा जन्म, लग्न, आजारपण, मृत्यू आणि मधेमधे चार ध्वनिमुद्रणं. याला मी व्याख्यान म्हणत नाही. व्याख्याता पियानोपाशी बसलेला हवा, हातात रचना हवी, बोलताबोलता वाजवून दाखवता आलं पाहिजे आणि तेच चुकीचं कसं वाजतं हेही वाजवून दाखवता आलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याला बोलावू नये. वाईट मैफली होतात म्हणून कुणी मैफली बंद करत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. पियानोवादक आंद्राश शिफ यांनी २००४ ते २००६ या काळात लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये बेथोव्हेनच्या बत्तीसही सोनाटांवर पियानोपाशी बसून व्याख्यानं दिली. ती ध्वनिमुद्रित झाली आणि इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळाली. मग आठवडाभराचं शुल्क भरून दुसऱ्या कुणाचं तरी कशाला ऐकायचं? शिफ यांची ती व्याख्यानं ज्याने ऐकली नसतील त्याने जरूर ऐकावीत, इतकी ती उत्तम आहेत. पण त्यांना थांबवून प्रश्न विचारता येत नाही. शिवाय ज्या फरकाबद्दल इथे बोलणं चाललं आहे तो नादाचा आहे, आणि तो लहान स्पीकरमधून नीट पोचत नाही. जुन्या व्हिएन्नी पियानोची प्रतिकृती आणि आजचा ग्रँड शेजारी शेजारी ठेवून तेच आठ मापांचं वाक्य दोन्हींवर वाजवलं, की न वाजवणाऱ्या माणसालाही एका मिनिटात कळतं की 'मूनलाइट'वरची ती सूचना वेडेपणाची नव्हती. ज्याला आपल्या हाताने दोन्हींच्या पट्ट्या दाबून पाहता येतात, त्याला तर बोलून सांगावंच लागत नाही.

पैशांचा हिशेबही मांडून पाहा. वैयक्तिक धड्यात एका शिक्षकाचा एक तास एका विद्यार्थ्याला मिळतो, आणि दहा विद्यार्थ्यांना धडे द्यायचे तर दहा खोल्या आणि दहा पियानो लागतात. व्याख्यानाला एक माणूस, एक दालन आणि एक पियानो पुरतो, ऐकणारे वीस असोत की दोनशे. माणशी खर्च काढला तर उन्हाळी शाळेत याहून स्वस्त काही नाही. शिवाय गावातल्या लोकांना माफक तिकीट ठेवून आत घेता येतं. धड्याच्या खोलीत त्यांना जागा नसते, मास्टरक्लासमध्ये ते उपरे ठरतात, व्याख्यानात मात्र ते बरोबरीने बसतात. ज्या संस्था सरकारी किंवा विश्वस्त निधीवर चालतात त्यांनी तर याचा विचार आधी करायला हवा. लोकांचा पैसा पंचवीस होतकरू वादकांच्या बोटांवर खर्च व्हावा याला माझी हरकत नाही, पण त्या लोकांना शेजारच्या दालनात बसून काही समजून घेण्याचा हक्क आहे.

आणि ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचं काही कारण नाही. ऐन उन्हाळ्यात, दिवस ठरवून, तिकिटाचा बाऊ न करता, रोज एक व्याख्यान ऐकायला गावाने जमायचं, हे पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेने सुरू केलं. संगीताच्या बाबतीत डॉ. अशोक दा. रानडे यांनी मुंबईत नाट्यसंगीतापासून लावणीपर्यंत कित्येक विषय सप्रयोग मांडले आणि गाणं ऐकण्याइतकंच त्याबद्दल ऐकणंही रसरशीत असू शकतं हे दाखवलं. डार्टिंग्टनचाही आपल्या देशाशी संबंध आहे. ती जागा १९२५ मध्ये विकत घेणारे लेनर्ड एल्महर्स्ट त्याआधी रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतनात ग्रामीण पुनर्रचनेचं काम करून आले होते. उदयशंकर १९३६ मध्ये तिथे राहिले होते. आणि तिथलं संगीताचं काम चाळिशीच्या दशकात पाहणाऱ्या इमोजेन होल्स्ट १९५०-५१ च्या हिवाळ्यात भारतीय संगीत शिकायला शांतिनिकेतनात आल्या होत्या. शिकणं आणि राहणं एकत्र असावं, कलावंत आणि शेजारचा गावकरी यांच्यात भिंत नसावी, हा विचार दोन्हीकडे होता.

मुंबई, पुणे आणि गोव्यात पियानो शिकणाऱ्या मुलांची संख्या लहान नाही. गोव्यात तर चर्चच्या संगीतशाळांची परंपरा शतकांची आहे. पण आज या शिकणाऱ्यांचं वर्ष बहुतांशी लंडनच्या परीक्षामंडळांच्या ग्रेडांभोवती फिरतं. तीन रचना, सप्तकं, स्वरलिपीवाचन, कानाची चाचणी. वरच्या ग्रेडांत काळ आणि शैली ओळखायला सांगतात खरं, पण तीही एका-दोन वाक्यांत उरकायची असते. परीक्षेने शिस्त येते, पालकांना भरवसा येतो, याबद्दल मला आदरच आहे. मात्र आठवी ग्रेड झालेल्या मुलाने आयुष्यात मोजून पंचवीसेक रचना घोटलेल्या असतात आणि त्या ज्या वाद्यांसाठी लिहिल्या गेल्या त्यांपैकी एकही पाहिलेलं किंवा ऐकलेलं नसतं. मे महिन्याची सुट्टी या मुलांकडे असते. मुंबईचं एनसीपीए हे कलाकेंद्र, गोव्याची कला अकादमी, मुंबई-पुण्यातल्या खाजगी संगीतशाळा यांनी त्या सुट्टीत आठ दिवसांची पियानो-शाळा भरवावी आणि तिच्या दर सकाळची सुरुवात एका व्याख्यानाने करावी. बोलणं इंग्रजीत होईल तसंच मराठीत आणि कोंकणीतही व्हावं. व्याख्याते परदेशातूनच आणावे लागतील हाही गैरसमज आहे. चांगला वादक, एखादा हार्मोनियमवादक जो सम-स्वरांतरांच्या पट्टीबद्दल (सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून स्वर लावण्याच्या पद्धतीबद्दल) आपल्या बाजूने बोलू शकेल, एखादा हाडांचा किंवा मज्जासंस्थेचा डॉक्टर, ही माणसं इथलीच आहेत.

पहिला दिवस मात्र ट्यूनरला द्यावा. आपल्या दमट हवेत पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो. पावसाळ्यात उभ्या पियानोच्या पोटात बारीक दिवा पेटता ठेवायची रीत समुद्रकाठच्या घरांत कशासाठी आहे, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोनशेहून अधिक तारा आणि त्या सगळ्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण पेलणारी ओतीव लोखंडाची चौकट त्याने उघडून दाखवावी. एक हातोडी बाहेर काढून मुलांच्या हातात द्यावी, सुईने टोचून तिचा नमदा मऊ केला की तोच स्वर कसा बदलतो ते ऐकवावं. दुपारी तीच मुलं धड्याला बसतील तेव्हा शिक्षकाने 'इथे हलकं' म्हटलं की त्यांना आपल्या बोटाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते ठाऊक असेल. आणि त्या सकाळी मागच्या रांगांत त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा, कधीही पियानोला हात न लावलेले शेजारी बसलेले असावेत, त्यांच्यासाठी अर्धा तास प्रश्नोत्तरांना राखून.